सरळ रेषेतलं पुणं

इंदूरच्या सुदामा नगरात पुणं किती लांब आहे, याचं उत्तर घरागणिक बदलतं. ज्यांचा मुलगा विमानानं येतो-जातो ते सांगतात, सव्वा तास. ज्यांची मुलगी शुक्रवारच्या रात्री स्लीपर बसनं निघते, त्यांच्या लेखी पुणं एका रात्रीवर आहे. रेल्वेनं जाणारे आधी उत्तरेला उज्जैन गाठतात, मग रतलाम, वडोदरा, वसई असा वळसा घेत, सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट मजल मारून पुण्यात उतरतात. फूटी कोठीपासून अन्नपूर्णेच्या रस्त्यापर्यंत पसरलेल्या आमच्या या वसाहतीत मराठी घरं पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच घरांचं एखादं तरी मूल हिंजवडीत, खराडीत नाहीतर मगरपट्ट्यात नोकरीला आहे. दुधाच्या पिशव्या घेताना, रणजित हनुमानाच्या रांगेत, सेव बांधून घेताना नमकीनच्या दुकानात हा प्रश्न निघतो आणि प्रत्येक जण आपापला आकडा सांगतो.

मी भूगोल शिकवला आहे, त्यामुळे मला आधी अंतर लागतं, वेळ नंतर. इंदूरचं देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आणि पुण्याचं लोहगाव यांच्यामधलं हवाई अंतर आहे ५०० किलोमीटर. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची आणि गोलावरच्या त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत लहान कंसाची लांबी काढायची. हेच गणित मुंबईसाठी केलं की ५०६ येतात. मला याचं फार अप्रूप वाटतं. विमानतळाशेजारच्या बिजासनच्या टेकडीवर कंपासचं टोक रोवून पुण्यावरून जाणारं वर्तुळ काढलं, तर मुंबईचं विमानतळ त्या वर्तुळाच्या जेमतेम बाहेर राहतं. माळव्यातून बघितलं की महाराष्ट्राची ही दोन मोठी शहरं जवळजवळ सारख्याच अंतरावर उभी आहेत.

आणखी एक गोष्ट या गणितात मिळते. इंदूरचं विमानतळ आणि उज्जैन जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात. आपल्या जुन्या ज्योतिषांनी ज्या रेषेपासून गावोगावचं देशांतर मोजलं, ती लंका-उज्जयिनी-कुरुक्षेत्र अशी जाणारी मध्यरेषा आमच्या धावपट्टीच्या इतक्या जवळून जाते. ग्रिनिचची रेषा ठरण्याच्या शेकडो वर्षं आधी इथून जग मोजलं जात होतं. जयसिंगानं उज्जैनला बांधलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंद्यांनी १९२३ साली केला, आणि तिथल्या शंकुयंत्राची सावली आजही शाळेतल्या मुलांना दाखवता येते. पुणं या रेषेच्या पश्चिमेला सुमारे पावणेदोन-दोन अंशांवर आहे. म्हणून इंदूरच्या माथ्यावर आलेला सूर्य पुण्याच्या माथ्यावर यायला साडेसात मिनिटं घेतो. संकष्टीला आमच्याकडे फोन होतो तो यामुळेच. आई पुण्यातल्या माझ्या भावाला विचारते, "तुमच्याकडे चंद्र कधी?" काही महिन्यांत दोन्हीकडच्या वेळांत पाव तासाच्या आसपास फरक पडतो, काही महिन्यांत नावापुरता. आई ताट वाढून थांबते. तिचा चंद्र आलेला असतो, तरी तिला तिकडचाही यायला हवा असतो.

वेळेचं गणित अंतराइतकं सरळ नाही. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या वेगानं उडतं हे सगळ्यांना माहीत असतं, मग पाचशे किलोमीटरला पाऊण तासही लागू नये. पण एवढ्या जवळच्या प्रवासात विमानाला तो वेग धरायला वाव मिळत नाही. तीस हजार फुटांपर्यंत चढायला वीसेक मिनिटं जातात, आणि उतरायला सुरुवात करावी लागते ती गाव दीड-पावणेदोनशे किलोमीटर दूर असतानाच. इंदूर-पुणे हा प्रवास चढण्यात आणि उतरण्यातच संपतो, मध्ये सपाट उडणं जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं. इंदूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून ५६४ मीटरवर, पुण्याचं ५९२ मीटरवर. इतकं वर जाऊन माणूस शेवटी जवळजवळ त्याच उंचीच्या जमिनीवर उतरतो. शिवाय वेळापत्रकातला सव्वा तास हा नुसता हवेतला नसतो. विमानानं इकडची जागा सोडल्यापासून तिकडच्या जागेवर त्याच्या चाकांना ठोकळे लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो, धावपट्टीकडे सरकत जाणंही आणि रांगेत थांबणंही. छोटं पंख्याचं विमान असेल तर त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, तरीही एकूण वेळेत फार अंतर पडत नाही, ते याच कारणानं.

आणि मग घरापासून घरापर्यंतचं अंतर. आमच्या बाजूला ते सुखाचं आहे. सुदामा नगरातून चंदननगर, कालानी नगर करत माणूस अर्ध्या तासाच्या आत विमानतळावर पोचतो. लोहगावला उतरल्यावर मात्र हिंजवडीला जायचं असेल आणि संध्याकाळ असेल, तर ते पंचवीस-तीस किलोमीटर पाचशे किलोमीटरांपेक्षा जास्त वेळ खातात. भाऊ विमानातून उतरल्याचा फोन करतो, तेव्हा आई तो पोचला असं मानत नाही. "घरी गेल्यावर कर," म्हणते.

जाणारा माणूस प्रवास तासांत मोजतो. घरी थांबलेला माणूस तो गावांत मोजतो. आई ही सगळी गावं पाठ म्हणते, कारण आयुष्यभर तिनं कोणा ना कोणाची वाट पाहिली आहे. आगरा-मुंबई रस्त्यानं निघालेलं माणूस तिच्या मनात राऊ, महू, मानपूरचा घाट उतरतं, धामनोदला चहा पितं, खलघाटला नर्मदा ओलांडताना पुलावरून नाणं टाकतं, जुलवानिया मागे टाकतं. सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट लागतो, तिथे देवीला हात जोडतं आणि पळासनेरला महाराष्ट्रात शिरतं. एक बिजासन आमच्या विमानतळाशेजारच्या टेकडीवर आणि एक मोठी बिजासन या घाटात. विमानानं जाणाराही देवीच्या शेजारून निघतो आणि गाडीनं जाणाराही तिच्या दारावरूनच वेस ओलांडतो, याचा आईला आधार वाटतो. पुढे शिरपूर, धुळं, मालेगाव, मनमाड, कोपरगाव, नगर. मोबाइल आल्यापासून ती विचारते, "सेंधवा आला का रे?" आणि भावानं "केव्हाच गेला" म्हटलं की तिचा जीव एक गाव पुढे सरकतो. विमानात बसताना भाऊ फोन बंद करतो. त्यानंतरच्या तासाभरात तिला विचारायला गावच उरत नाही. दोन टोकं आहेत, मधलं काही नाही. ती देवापाशी बसते, उठते, पुन्हा बसते. भावाच्या रात्रभराच्या बसप्रवासात ती शांत झोपलेली मी पाहिली आहे. विमानाच्या त्या एका तासात ती कधी झोपलेली मला आठवत नाही.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं ती रात्र मी या हिशेबातून वेगळी काढू शकत नाही. साडेअकरा होत आले होते. दवाखान्यात दाखल केल्यावर मी पुण्याला फोन लावला. पुण्याहून सुटणारं शेवटचं विमान येऊन गेलं होतं, पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी. दुपारपर्यंत भाऊ थांबूच शकत नव्हता. त्यानं मित्राला उठवलं आणि दोघं गाडीनं निघाले. ते पाचशे किलोमीटर, ज्यांचं मला इतकं अप्रूप, त्या रात्री कुठेच नव्हते. होता तो सहाशेच्या घरातला रस्ता, आणि त्यातला प्रत्येक किलोमीटर चाकाखालून जाऊ द्यावा लागत होता.

आई दवाखान्याच्या बाकावर फोन हातात घेऊन बसली होती. दोनच्या सुमाराला तिनं मला सांगितलं, "नगर गेलं." मग बराच वेळ काही नाही. पहाटेआधी कोपरगाव, गोदावरी. मनमाडला त्यांनी चहा घेतला हे तिनं मला दोनदा सांगितलं, जणू तिनंच त्यांना करून दिला होता. धुळ्याला उजाडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की धोका टळल्यासारखा वाटतो, तेव्हा गाडी शिरपूरजवळ होती आणि आईनं पहिली ती बातमी तिकडे कळवली, मग डोळे पुसले. बिजासनच्या घाटात फोन लागेना. त्या वेळात ती देवीचं नाव घेत होती. खलघाटचा पूल आला, मानपूरचा घाट आला, आणि साडेदहाच्या आसपास भाऊ जिन्यावरून वर आला. सबंध रात्र ती त्याच्याबरोबर प्रवास करत होती. सकाळी त्याच्याइतकीच ती थकलेली होती. बाबा पुढे घरी आले, चालते-फिरते झाले. पण विमानाच्या वेळापत्रकाकडे बघण्याची माझी नजर त्या रात्रीनंतर बदलली.

जुन्या काळी सांज झाली की नर्मदेवरची नाव बांधून ठेवत, आणि पलीकडचा काठ दिसत असूनही तो सकाळपर्यंत लांब असे. पुण्याचं विमान तसं आहे. ते असतं तेव्हा पुणं सव्वा तासावर येऊन थांबतं, आणि शेवटचं विमान गेलं की पुन्हा आपल्या जुन्या जागी, एका रात्रीच्या पलीकडे जातं. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, धावपट्टी त्यांची. २०२० च्या ऑक्टोबरपासून धावपट्टीच्या कामासाठी तिथली रात्रीची उड्डाणं वर्षभर बंद होती, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात तर १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्णच बंद. त्याआधी टाळेबंदीत, २०२० च्या २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत नेहमीची प्रवासी विमानसेवा बंद होती. त्या दोन महिन्यांत सुदामा नगरातल्या कितीतरी घरांनी आपली मुलं फोनच्या पडद्यावरच पाहिली. तेव्हा रस्ताही बंद होता. एरवी विमानं वर्षातून दोनदा आपल्या वेळा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या रविवारी मी आधी बघते, पुण्याहून इंदूरला शेवटचं विमान किती वाजता आहे. म्हातारी माणसं असलेल्या प्रत्येक घराला माझी ही एक विनंती आहे, पहिल्या विमानाची वेळ कोणीही सांगेल, शेवटच्या विमानाची तुम्ही लिहून ठेवा.

आमच्या गावाला विमान नवं नाही. होळकर संस्थानानं १९३५ साली विमानतळासाठी जागा हेरली, ती बिजासनचीच. जागा निवडायला टाटांच्या विमान कंपनीचे नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेतला होता. १९३७ साली टाटांनी मुंबई-दिल्ली हवाई सेवा सुरू केली ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे मुक्काम घेत. दोन मराठी संस्थानांच्या राजधान्या त्या वाटेवर होत्या. आज दिल्लीला जाणाऱ्या विमानाला कुठेच उतरावं लागत नाही. विमानाची ताकद वाढत गेली तशी वाटेतली गावं त्याच्या वाटेवरून नाहीशी झाली. पुण्याच्या प्रवासातही नेमकं हेच आईला खटकतं, फक्त तिनं ते अशा शब्दांत कधी मांडलेलं नाही.

म्हणून एका दुपारी मी तिच्यासाठी नकाशा काढला. इंदूरच्या धावपट्टीपासून लोहगावच्या धावपट्टीपर्यंत पट्टी ठेवून बारीक रेघ ओढली. खरं विमान या रेघेवरून अचूक जात नाही हे तिला आधीच सांगितलं. हवेतही ठरलेल्या वाटा असतात, हवाई दलाची क्षेत्रं टाळावी लागतात, उतरताना वळसा पडतो, त्यामुळे ते थोडं इकडे-तिकडे सरकतं. तरी रेघ ती रेघ. ती कुठून जाते ते बघताना मीच थक्क झाले.

विमानतळापासून पासष्ट किलोमीटरांच्या आत महेश्वर येतं. ज्या बाईंचं नाव आमच्या विमानतळाला आहे, त्यांच्या राजधानीला जवळजवळ खेटूनच ही रेघ नर्मदा ओलांडते. महेश्वर ते पुणे ही एके काळची रोजची वाट होती. होळकरांचे जासूद पत्रं घेऊन ती तुडवत, आणि पुणे दरबाराचा वकील महेश्वरहून जी बातमीपत्रं नाना फडणिसांकडे धाडत होता, ती तर पुढे छापूनही निघाली आहेत. त्या पत्रांना किती दिवस लागत ते पावसावर, नदीच्या पाण्यावर आणि वाटेतल्या दंग्यांवर अवलंबून. तापीच्या पलीकडे रेघ अमळनेरवर येते, साने गुरुजींच्या शाळेच्या गावावर, तत्त्वज्ञान मंदिराच्या गावावर. २०२४ च्या फेब्रुवारीत मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. मग डाव्या हाताला चाळीसगावचा मुलूख राहतो. तिथल्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. उज्जैनच्या रेषेपासून अंतरं मोजणाऱ्या विद्येचं हे घराणं आमच्या रेघेच्या इतक्या जवळ निघावं याचा मला मनापासून आनंद झाला.

नांदगावच्या बाजूनं रेघ कोपरगावला पोचते. इथे मी थांबले. १७६७ साली अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेल्यावर होळकरांची दौलत ताब्यात घ्यायला राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले, आणि अहिल्याबाईंनी तयारी दाखवल्यावर आपण सांत्वनाला आलो आहोत असं म्हणून त्यांनी तलवार म्यान केली, ही हकीकत आमच्या प्रत्येक घरात सांगितली जाते. तेच राघोबादादा १७८३ साली वारले ते या कोपरगावात, गोदावरीकाठी. महेश्वर आणि कोपरगाव, त्या हकीकतीची दोन्ही माणसं एकाच सरळ रेघेवर. इतिहास शिकताना हे मला कधी दिसलं नव्हतं. दिसलं ते पट्टी ठेवल्यावर. पुढे शिर्डी, तिथून जवळच काकडीला २०१७ पासून तिचं विमानतळ. मग आळेफाट्याच्या बाजूचा मुलूख, भीमा, आणि लोहगाव.

आईनं सगळी गावं मला दोनदा म्हणायला लावली. आता भावाचं विमान सुटलं की ती घड्याळ बघून बोलते. दहा मिनिटं झाली, महेश्वर. वीस-पंचवीस झाली, अमळनेर. शिर्डीला ती हात जोडते. हे तंतोतंत बरोबर नसतं हे तिला माहीत आहे आणि मलाही. पण त्या तासाला आता मध्य आहे, आणि ती जागेवर बसून राहू शकते.

केंद्रीय मंत्रिमंडळानं २ सप्टेंबर २०२४ रोजी मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानकं ३०. कित्येक पिढ्या या रुळांची वाट बघत आल्या आहेत. हा मार्ग झाला तर दौंड-मनमाडवरून पुणं साडेसहाशे किलोमीटरांच्या आत येईल आणि उज्जैन-वडोदऱ्याचा वळसा संपेल. गाडी अहिल्यानगर स्थानकावरून येईल, म्हणजे अहिल्याबाईंच्या जन्मजिल्ह्यातून निघून त्यांच्या शहरात. बातमी आली त्या संध्याकाळी शेजारच्या काकू धावतपळत सांगायला आल्या. त्यांची मुलगी खराडीत आहे आणि त्यांना विमानाची भीती वाटते. आमच्या घरात दोन पक्ष पडले. भाऊ म्हणाला, "विमान असताना रेल्वेत रात्र कोण घालवणार?" बाबा म्हणाले, "आजारी माणसाला आडवं झोपवून नेता येतं, हे तू विसरतोस." मला दोन्ही हवं आहे, रात्री उशिरा सुटणारं एक विमान आणि दिवसाउजेडी घाट चढणारी एक गाडी.

आईनं काही बाजू घेतली नाही. तिनं मनमाड, मालेगाव, धुळं, शिरपूर, सेंधवा एवढी नावं ऐकली आणि विचारलं की सेंधव्याच्या पुढे रूळ नर्मदेवर कुठे उतरणार, आणि तिथून महूपर्यंत वर कोणत्या अंगानं चढणार. मी तिला येत्या रविवारी नकाशावर दाखवते असं सांगितलं आहे.